हायपोथायरॉईडमुळे तोंड कोरडे पडत असेल, तर लाळग्रंथींसाठी सप्लिमेंट घ्यावीत का?

थायरॉईडची गोळी सुरू असूनही आपले तोंड कोरडे पडते आणि लाळग्रंथी सुधाराव्यात म्हणून कोणीतरी समुद्रशैवालाच्या कॅप्सूल व बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. मी कोल्हापुरात दंतवैद्य म्हणून काम करतो आणि या दोन्ही गोष्टी तूर्त घेऊ नयेत, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

थायरॉक्सिन हे थायरॉईड ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले (म्हणजेच हायपोथायरॉईड) की शरीराची बहुतेक कामे मंदावतात आणि लाळही कमी सुटू शकते. लाळग्रंथी रक्तातील आयोडाइड ओढून घेतात हे खरे. पण म्हणून जादा आयोडीन दिल्याने लाळ वाढते, असे नाही. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते आणि ते आयोडीनयुक्त मिठातून बहुधा मिळून जाते. शैवालाच्या कॅप्सूलमध्ये ते कितीतरी पट असू शकते, आणि हाशिमोटोचा आजार (यात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉईडवरच हल्ला करते) असल्यास त्याने थायरॉईड आणखी मंदावण्याचा धोका असतो. बायोटिनमुळे तर रक्ततपासणीच फसू शकते: टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक; थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते) प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतो आणि गरज असताना डोस कमी केला जाऊ शकतो. आधीच घेत असाल, तर तपासणीपूर्वी किमान २ दिवस बंद ठेवा आणि डॉक्टरांना तसे सांगा.

आधी चालू गोळी नीट लागू पडते आहे ना, हे पाहावे. ती उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, फक्त पाण्याबरोबर घ्यावी. आपल्याकडे सकाळी पेलाभर दूध पिण्याची सवय अनेकांना असते, पण दुधातील कॅल्शियम ती गोळी नीट शोषू देत नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी ४ तासांच्या अंतरानेच घ्यावी.

टीएसएच आटोक्यात येऊनही कोरड राहिली, तर मात्र शोग्रेन या आजाराची (यात प्रतिकारशक्ती लाळ व अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते) तपासणी करून घ्या, कारण हाशिमोटोच्या रुग्णांमध्ये तो इतरांपेक्षा अधिक आढळतो. अशा रुग्णाचे तोंड तपासताना आमचा छोटा आरसा गालाच्या आतल्या बाजूला चिकटतो. भाकरीच्या प्रत्येक घासाला पाणी लागणे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, कानापुढे सूज येणे, ही लक्षणे डॉक्टरांना आवर्जून सांगा. जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे बरोबर न्या, कारण अॅलर्जी, रक्तदाब आणि नैराश्यावरील काही औषधांनीही लाळ कमी होते. तोवर फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरा आणि कोरड घालवण्यासाठी साखरेच्या गोळ्या चघळू नका. लाळ नसताना दात हिरड्यांलगत फार लवकर किडतात.