एमआरआय रिपोर्टमध्ये ‘मोठा इन्फार्क्ट’ लिहिलंय, वडिलांचा हात परत येईल का?

मी न्यूरो-फिजिओथेरपिस्ट आहे. फिल्मची पिशवी घेऊन आलेले नातेवाईक मला बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारतात. तुम्ही लिहिलंय की वडील ६८ वर्षांचे आहेत, चार दिवसांपूर्वी पॅरॅलिसिसचा झटका आला, उजवा हात पडलाय, आणि रिपोर्टमधला ‘इन्फार्क्ट’ (रक्त न पोचल्याने मेलेला मेंदूचा भाग) हा शब्द वाचल्यापासून घरात कुणाला झोप नाही. आधी एवढंच सांगते: त्या शब्दावरून हाताचा निकाल लागत नाही.

झटका आल्या-आल्या जे स्कॅन होतात, ते उपचार ठरवण्यासाठी असतात. साधा सीटी सांगतो की मेंदूत रक्तस्राव झालाय का. तो नसेल तर रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असावी, असा विचार सुरू होतो. पहिल्या काही तासांत सीटी पुष्कळदा जवळजवळ नॉर्मल दिसतो. एमआरआयमधला डिफ्यूजन नावाचा खास फोटो मात्र इजा झालेल्या जागी फार लवकर पांढरा डाग दाखवतो. परफ्युजन स्कॅनमध्ये शिरेतून औषध सोडून रक्त कुठे किती पोचतंय ते मोजतात. त्यातून मेलेला भाग आणि रक्ताअभावी बंद पडलेला पण अजून जिवंत असलेला भाग वेगळे काढता येतात. या मोजमापाने खरोखर जीव वाचलेत. २०१८ साली छापून आलेल्या ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज-३’ या दोन वैद्यकीय संशोधन-चाचण्यांनंतर, वाचवण्याजोगा भाग शिल्लक दिसला तर निवडक रुग्णांची गुठळी २४ तासांपर्यंत तारेने ओढून काढता येऊ लागली. त्याआधी सहा तासांनंतर बहुतेकांना हा उपचार मिळतच नसे.

पण मोठा डाग म्हणजे सगळं संपलं, हा समज डॉक्टरांचाही होता आणि तो बदलावा लागला. सीटीवर मेंदूच्या दहा ठरावीक जागा तपासून दहापैकी गुण देतात. ३ ते ५ गुण म्हणजे बरंच नुकसान. असे रुग्ण गुठळी काढण्यासाठी सहसा घेतलेच जात नसत. जपानमध्ये अशाच रुग्णांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गुठळी काढलेल्यांपैकी ३१ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी निदान कुणाच्या आधाराशिवाय चालण्याइतके सावरले होते. फक्त औषधं दिलेल्यांमध्ये हे प्रमाण १२.७ टक्के होतं.

आता हाताबद्दल. मेंदूच्या वरच्या थरातून हाताकडे जाणारे चेतातंतू खाली येताना एका अरुंद जागेत दाटीने एकत्र येतात. तिथे वाटाण्याएवढा इन्फार्क्ट झाला तरी हात पूर्ण लुळा पडू शकतो. उलट दुसरीकडे बराच मोठा डाग असून बोटं हलत असलेले रुग्ण मी पाहिलेत. म्हणून डाग किती मोठा, याच्या आधी विचारायचं ते हे की तो कुठे आहे आणि हे तंतू किती शाबूत आहेत.

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या कॅथी स्टिनिअर यांच्या गटाने नेमकं यावर काम केलं. २०१२ मधल्या त्यांच्या पहिल्या पद्धतीत या तंतूंची अवस्था दाखवणारा खास एमआरआय होता. २०१७ च्या सुधारित पद्धतीत त्यांनी तो वगळला, कारण त्याने अंदाज काही जास्त अचूक होत नव्हता. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आता सुरुवात खाटेजवळ होते: तिसऱ्या दिवशी रुग्ण हात खांद्यातून बाजूला किती उचलतो आणि बोटं किती उघडतो, याला प्रत्येकी ० ते ५ गुण. बेरीज ५ किंवा जास्त असेल तर तीन महिन्यांत हात चांगला चालण्याची दाट शक्यता, आणि वय ८० च्या आत असेल तर आणखी चांगली. बेरीज कमी आली तर डोक्यावर चुंबकीय ठोका देऊन हातापर्यंत संदेश पोचतो का ते पाहतात. पोचला, तर आज हलत नसलेल्या हाताकडूनही बऱ्यापैकी अपेक्षा ठेवता येते. हे अंदाज साधारण चारपैकी तीन रुग्णांत बरोबर येतात, म्हणजे एकाच्या बाबतीत चुकतातही.

चुंबकीय तपासणी आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते. त्यामुळे उद्या राउंडला दोन गोष्टी विचारा. तिसऱ्या दिवशी खांद्याचे आणि बोटांचे गुण काढले होते का ते फिजिओथेरपिस्टला विचारा, नसतील तर आता काढायला सांगा, घरच्या घरी काढू नका. आणि रेडिओलॉजिस्टने हाताकडे जाणारा मार्ग इन्फार्क्टमध्ये सापडलाय का हे पाहिलंय ना, ते न्यूरोलॉजिस्टना विचारा. गुण शून्य आले तरी व्यायाम थांबवायचे नाहीत. फक्त उठवताना त्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो.

आणि हा सगळा अंदाज हातापुरताच आहे. उजवी बाजू गेलीय म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला आहे, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. वडील शब्दांसाठी अडखळत असतील किंवा सांगितलेलं त्यांना नीट कळत नसेल, तर स्पीच थेरपिस्टची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.