‘वायरिंगचं आमच्याकडे नाही’

प्रश्न : माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गेला. नवा परवडेना म्हणून पुण्यातल्या एका गॅरेजने 1,30,000 रुपयांत मॅन्युअल गिअरबॉक्स बसवून द्यायचं ठरवलं. 90,000 दिले आहेत. आता चेक इंजिनचा दिवा जात नाही, रिव्हर्स लाईट लागत नाही आणि गाडी गिअरमध्ये असतानाही स्टार्ट होते. गॅरेजवाला म्हणतो, ‘गिअरबॉक्स बसवला, वायरिंगचं वेगळं.’ उरलेले 40,000 दिल्याशिवाय गाडी सोडत नाही. काय करू? – एक वाचक, धायरी

उत्तर : सगळ्यात आधी एक सांगतो, गाडी ताब्यात आली तरी चालवू नका. ऑटोमॅटिकमध्ये पार्क किंवा न्यूट्रल असल्याशिवाय स्टार्टरला करंट मिळत नाही. ते काम गिअरबॉक्सवरचा स्विच करतो. तो गिअरबॉक्स काढल्यावर तीच वायर क्लच पेडलच्या स्विचला जोडायची असते. तुमच्याकडे बहुधा दोन वायरी एकत्र करून ‘डायरेक्ट’ केलेलं आहे. पहिल्या गिअरला उभी असलेली गाडी चावी फिरवताच पुढे उडी मारेल, आणि समोर कुणी उभं असेल तर मग प्रश्न 40,000 चा राहणार नाही.

दुसरं, रिव्हर्स लाईटची जोडणी आणि चेक इंजिनचा दिवा जावा म्हणून इंजिनच्या कॉम्प्युटरला जुना गिअरबॉक्स गेल्याचं पटवणं, हे सगळं याच कामाचा भाग आहे. तुम्ही गिअरबॉक्स विकत घेतला नाही, चालणारी मॅन्युअल गाडी ठरवली होती. ‘वायरिंग वेगळं’ असं आधी लिहून दिलेलं नसेल, तर ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खालची सेवेतली त्रुटी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला आहे, तो नाकारता येत नाही. करार कायदा, 1872 चं कलम 170. त्यातलं उदाहरण गाडीचं नाही, पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं आहे : सराफाने सांगितल्याप्रमाणे काम केलं, तर मजुरी मिळेपर्यंत खडा ठेवून घेऊ शकतो. सगळी गंमत त्या ‘सांगितल्याप्रमाणे’त आहे. काम अर्धवट असेल तर हा हक्क लंगडा पडतो. पण हे सिद्ध होईपर्यंत गाडी गॅरेजात धूळ खाणार. म्हणून माझा सल्ला व्यवहारी आहे : उरलेली रक्कम बँकेतून द्या आणि सोबत ‘हक्क राखून, गाडी सोडवण्यासाठी देत आहे’ असं लेखी कळवा. गाडी टो करून आणा. दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासणी आणि दुरुस्तीचा लेखी खर्च घ्या. काहीही उघडण्याआधी जोडलेल्या वायरींचे फोटो काढा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं ज्या फोनमध्ये आहे, तो फोन एवढ्यात विकू नका.

मग वकिलामार्फत नोटीस, आणि दाद मिळाली नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. दिलेला मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही, मुदत दोन वर्षांची.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. हा बदल करण्याआधी आरटीओला विचारलं होतं का? तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे कलम कडकपणे वाचलं आहे. आरसी बुकात गिअरबॉक्सचा वेगळा रकाना नसतो, हे खरं. पण मॉडेलच्या नावापुढे ‘एटी’ (म्हणजे ऑटोमॅटिक) छापलेलं असेल, तर विसंगती कागदावरच दिसते. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गॅरेजचा वकील हाच मुद्दा आधी काढेल. ‘रोज हेच काम करणाऱ्याने मला सांगायला हवं होतं’ हे तुमचं उत्तर असेल. ते चांगलं आहे, पण अभेद्य नाही.

तेव्हा नोटीस पाठवण्याआधी आरसी बुक घेऊन संगम पुलाजवळच्या आरटीओत जा, या बदलाची नोंद होते का ते लेखी अर्जाने विचारा आणि पोच घ्या. विमा कंपनीलाही त्याच आठवड्यात कळवा.