वाचकांचे प्रश्न : छतावरचा सौरसंच आणि वीजजोडणीची कागदपत्रे

छतावरच्या सौरसंचाला अनुदान देणारी केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून घरगुती सौरसंचाविषयी येणाऱ्या पत्रांत पॅनेलपेक्षा कागदपत्रांचेच प्रश्न अधिक असतात. त्यांपैकी चार प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत. चारही प्रश्न महावितरणच्या घरगुती ग्राहकांचे आहेत.

प्रश्न : घर वडिलांनी बांधले, वीजबिलही त्यांच्याच नावावर येते. त्यांचे निधन होऊन बरीच वर्षे झाली. सौरसंच बसवून देणारा पुरवठादार म्हणतो, ‘नाव बदलण्यात वेळ घालवू नका, बिल आहे त्या नावानेच अर्ज भरू, सही तुम्ही करा.’ असे केले तर चालेल का? (एक वाचक, बार्शी)

चालणार नाही, आणि असा सल्ला देणाऱ्या पुरवठादाराकडून काम करून घेण्यापूर्वी आपण पुन्हा विचार करावा असे मी आग्रहाने सांगेन. सौरसंच वीजवाहिनीशी जोडला जातो तो ग्राहक आणि वीज कंपनी यांच्यात होणाऱ्या नेट मीटरिंगच्या (वाहिनीला दिलेली वीज तिच्यातून घेतलेल्या विजेतून वजा करून बिल करण्याच्या) कराराने. हयात नसलेल्या व्यक्तीच्या नावे करार होऊ शकत नाही. तिच्या नावापुढे दुसऱ्याने केलेली सही ही तर सरळ खोटी सही ठरते. शिवाय अनुदान अर्जदाराच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होते. बिलावर वडिलांचे नाव आणि खाते मुलाचे अशी स्थिती असेल, तर संच बसून वीज सुरू झाल्यानंतरही ७८,००० रुपयांपर्यंतची रक्कम अडकून पडते, आणि तोवर पुरवठादाराचे पैसे आपण चुकते केलेले असतात.

म्हणून आधी वीजजोडणी आपल्या नावावर करून घ्या. महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा उपविभागीय कार्यालयात नावबदलाचा अर्ज करता येतो. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आपले ओळखपत्र, घराच्या मालकीचा पुरावा (शहरात मालमत्ता कराची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा) आणि भाऊ-बहिणी असल्यास त्यांचे ना-हरकत पत्र ही कागदपत्रे हाताशी ठेवावीत. मागील थकबाकी शून्य असावी. बहुतेक घरांत खरा वेळ जातो तो वारसांच्या सह्या गोळा करण्यात. एक बहीण सासरी दूर, एक भाऊ परगावी नोकरीला, अशी स्थिती असते. तेव्हा पॅनेलची चौकशी करण्याआधीच हे काम हाती घ्यावे. नव्या नावाचे पहिले बिल हाती आले की त्यावरील नाव आणि बँक पासबुकावरील नाव शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. एका ठिकाणी वडिलांचे नाव मधे असणे आणि दुसऱ्या ठिकाणी नसणे एवढ्यावरूनही अडचण येऊ शकते.

आणखी एक गोष्ट. योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करताना मोबाइल क्रमांक आपलाच द्यावा, पुरवठादाराचा नव्हे. अर्ज कुठपर्यंत आला, तपासणी झाली की नाही, अनुदानाची मागणी गेली की नाही हे सारे त्याच क्रमांकावर कळते. फॉर्म पुरवठादाराने भरून दिला तरी हरकत नाही, मात्र त्याची किल्ली आपल्याच हातात असली पाहिजे.

प्रश्न : आमचा मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त वीज वापरण्याची मंजूर मर्यादा) १ किलोवॉट आहे आणि ३ किलोवॉटचा संच बसवायचा आहे. भारवाढीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल, असे सांगून जादा पैसे मागितले जात आहेत. (एक वाचक, चिपळूण)

वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० यांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या सौरसंचाचा अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण असेल, तर तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाशिवाय तो स्वीकारला गेला असे मानले जाते, आणि त्यासाठी लागणारी मंजूर भाराची वाढ वीज कंपनीनेच करावयाची असते. त्यामुळे पुरवठादाराला या कामासाठी वेगळे पैसे देण्याचे कारण नाही. कोणी ‘कार्यालयाचा खर्च’ म्हणून रक्कम मागत असेल, तर तिची पावती मागा.

प्रश्न : पॅनेल बसून पंधरवडा झाला, नेट मीटर अजून आलेला नाही. बसवणारा म्हणतो, ‘संच सुरू करून ठेवा, फुकटची वीज का वाया घालवायची?’ सुरू करावा का? (एक वाचक, सातारा)

करू नका. याला कारणे दोन आहेत. पहिले सुरक्षिततेचे : तपासणीत अर्थिंग, आकाशातील विजेपासून बचाव करणारा तडितरोधक आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राची) जोडणी पाहिली जाते. वाहिनीतला पुरवठा बंद झाल्याबरोबर इन्व्हर्टरने आपली वीज बाहेर सोडणे थांबवले पाहिजे. नाही तर खांबावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका असतो. (वीज गेल्यावर सौरसंचही बंद का पडतो, असे अनेकजण विचारतात, त्याचेही कारण हेच. बॅटरी नसलेला संच भारनियमनात उपयोगी पडत नाही.)

दुसरे कारण खिशाचे आहे. अनेक साधे इलेक्ट्रॉनिक मीटर विजेची दिशा ओळखत नाहीत. वीज घरात येवो वा घराबाहेर जावो, ते ती वापर म्हणूनच मोजतात. भर दुपारी घरात एक पंखा चालू असताना मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकत असेल, तर आपण ग्रिडला (वीज कंपनीच्या वाहिनीला) दिलेल्या विजेचेच बिल आपल्यावर चढत आहे असे समजावे. असे बिल नंतर दुरुस्त करून घेणे कठीण जाते, कारण संच परवानगीशिवाय सुरू केलेला असतो.

पंधरवडा उलटला असल्याने आता पोर्टलवरील आपल्या अर्जाची स्थिती पाहा. काम पूर्ण झाल्याची माहिती, पॅनेलचे अनुक्रमांक आणि संचासह ग्राहकाचे छायाचित्र पुरवठादाराने भरले नसेल, तर वीज कंपनीपर्यंत आपले प्रकरण पोहोचलेलेच नसते. माझ्या पाहण्यात विलंब बहुतेक वेळा याच टप्प्यावर होतो. छतावर जाऊन पॅनेलच्या मागील पट्टीवरचे अनुक्रमांक स्वतः उतरवून घ्या आणि भरलेल्या यादीशी जुळवा. अनुदानासाठी पॅनेल देशात तयार झालेल्या सेलचेच असावे लागतात व त्याची पडताळणी या क्रमांकांवरून होते. माहिती बरोबर भरूनही मीटर येत नसेल, तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. वर सांगितलेल्या दुरुस्तीत संच कार्यान्वित करण्याची मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली आहे, तिचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

प्रश्न : आमचा वापर महिन्याला सुमारे १५० युनिट आहे. अनुदान ३ किलोवॉटला सर्वांत जास्त म्हणून तेवढाच संच घ्यावा, असे सर्वजण सांगतात. (एक वाचक, जळगाव)

आपल्याकडे १ किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० युनिट वीज देतो. आपल्या वापराला २ किलोवॉट पुरून उरतो. त्याला अनुदान ६०,००० रुपये आहे. तिसऱ्या किलोवॉटला केवळ १८,००० रुपये मिळतात आणि उरलेला खर्च आपला असतो.

बिलाची रीत समजली की हे अधिक स्पष्ट होईल. समजा, ३ किलोवॉटच्या संचाने महिन्यात ३६० युनिट तयार केले. त्यातले ७० दिवसा घरातच वापरले गेले, ते मीटरला दिसतही नाहीत. उरलेले २९० बाहेर गेले आणि रात्री ८० युनिट ग्रिडमधून घेतले. बिलावर २१० युनिट शिल्लक पडतील व पुढच्या महिन्यात ओढली जातील. स्थिर आकार मात्र वापर शून्य असला तरी भरावाच लागतो. ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो, तेव्हा उरलेल्या युनिटांचे पैसे आपण विजेसाठी मोजतो त्या दराने मिळत नाहीत. ते राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या, बऱ्याच कमी दराने मिळतात. दरमहा दोनशे युनिट अशा दराने विकण्यासाठी कर्ज काढून तिसरा किलोवॉट बसवण्यात मला अर्थ दिसत नाही. येत्या एक-दोन वर्षांत घरी वातानुकूलन यंत्र किंवा विजेवरची दुचाकी येणार असेल, तर गोष्ट वेगळी. मग ३ किलोवॉटचाच संच घ्यावा.