शल्लकी, हळद, ज्येष्ठमध सुरू केल्यावर दम्याचा रोजचा पंप बंद करता येतो का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांपासून स्टेरॉइडचा पंप सकाळ-संध्याकाळ घेताय, रात्री श्वासनलिका सैल करणारी थिओफायलिनची गोळी असते, आणि आता शल्लकी (साळईच्या झाडाचा डिंक), हळद-मिरीच्या कॅप्सूल आणि ज्येष्ठमध आणून ठेवलंय. या तिघांनी सूज उतरत असेल तर पंप सोडू का, हा तुमचा प्रश्न. सोडू नका. मी सोडून बघितला होता, म्हणून कळकळीने सांगतेय.

मला लहानपणापासून दमा आहे. काही वर्षांपूर्वी शल्लकी सुरू केली आणि त्याच दिवशी पंप बंद केला. पहिले पंधरा दिवस इतके छान गेले की चारचौघांना सांगत सुटले. तिसऱ्या आठवड्यात सहज पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजायचं साधन, कपाटातून काढला. उभी राहिले, छाती भरून श्वास घेतला, नळीभोवती ओठ घट्ट मिटले आणि जोरात फुंकलं. काटा 290 वर थांबला. पुन्हा फुंकलं, 280. माझा नेहमीचा आकडा 410. आणि त्या क्षणी मला धाप नव्हती, घरघर नव्हती, काहीच नव्हतं. चार दिवसांनी पहाटे तीन वाजता मी पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते आणि दोन शब्दांपुढे बोलता येत नव्हतं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते असं. स्टेरॉइडचा पंप बंद केला तरी त्याचा परिणाम एका दिवसात जात नाही, काही आठवड्यांत हळूहळू ओसरतो. ते पहिले बरे दिवस जुन्या औषधाच्या जोरावर निघाले होते आणि श्रेय मी शल्लकीला देत होते. श्वासनलिका आतून सुजत जातात, पण बराच काळ आपल्याला पत्ताच लागत नाही.

वनस्पतींना मी कमी लेखत नाही. दम्याची कितीतरी औषधं मुळात झाडांतूनच आली. खेल्ला नावाच्या वनस्पतीतल्या घटकावर काम करता करता क्रोमोग्लायकेट सापडलं. रॉजर आल्टुन्यान या डॉक्टरांना स्वतःलाच दमा होता; मुद्दाम त्रास ओढवून घेऊन त्यांनी 1965 मध्ये ते औषध स्वतःवर पारखलं. अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरून कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन तयार झालं. अडुळसा कफ मोकळा करतो, पण सुजेवरचा इलाज म्हणून त्याच्यावर विसंबू नका, आणि गरोदरपणात तर तो टाळाच.

तुमच्या तिघांपैकी शल्लकीबद्दल मला सर्वांत जास्त आशा वाटते. सूज आणि आकुंचन घडवणारे ल्युकोट्राइन्स नावाचे पदार्थ शरीरात तयार होतात. शल्लकीतली बोस्वेलिक आम्लं ते तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. मॉन्टेलुकास्टची गोळी त्याच पदार्थांना पुढच्या टप्प्यावर रोखते. 1998 च्या एका अभ्यासात 40 रुग्णांना 300 मिलिग्रॅम शल्लकी दिवसातून तीनदा, सहा आठवडे दिली. 70 टक्के सुधारले. औषधाऐवजी नुसतं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घेणाऱ्या 40 जणांत 27 टक्के. आकडे चांगले आहेत, पण माणसं मोजकी आणि काळ थोडा. शिवाय तुलना लॅक्टोजशी होती, स्टेरॉइडच्या पंपाशी नव्हती.

ज्येष्ठमध मात्र जपून. जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. तातडीच्या वेळी घ्यायच्या साल्ब्युटामॉलनेही पोटॅशियम उतरतं, स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही. सगळं एकत्र आलं की छातीत धडधड होते, ठोके चुकू शकतात.

आणखी एका गोष्टीची मला फार धास्ती वाटते: नाव-घटक न लिहिलेली पुडी. दम्यावर तिने दोन दिवसांत जादू केली, भूक वाढली, चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. अशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून ती घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. आणि कुठल्याही पाल्याची धुरी घेऊ नका. धूर तो धूरच.

तुमचं खरं म्हणणं औषध कमी व्हावं हे आहे ना? त्याला रीतसर वाट आहे. पंप चालू ठेवा, घेतल्यावर चूळ भरा, आणि पीक फ्लोचा आकडा सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. डॉक्टरांना विचारून एका वेळी एकच वनौषधी जोडा, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. तीन महिने दमा आटोक्यात राहिला तर डॉक्टर स्वतःच पंपाची मात्रा एक पायरी खाली आणतात. माझी तशीच निम्मी झाली. मधेच आकडा नेहमीच्या निम्म्यावर आला, वाक्य पुरं करता येईना किंवा तातडीच्या पंपाने आराम पडेना, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

आज रात्री एवढं करा: हळदीच्या डबीवर 'पायपरीन' लिहिलंय का बघा. हा मिरीतला घटक हळद अंगी लागावी म्हणून घालतात, पण त्याने थिओफायलिनचं रक्तातलं प्रमाणही वाढतं. मळमळ, हात थरथरणं, झोप उडणं ही त्याची लक्षणं. लिहिलेलं असेल तर ती कॅप्सूल घेऊ नका, डबी डॉक्टरांना दाखवा.