ठसे, शाई आणि पाणी : नाताळच्या भेटकार्डांविषयी प्रश्नोत्तरे

ठशांनी जलरंगासारखी भेटकार्डे करू पाहणाऱ्यांच्या पत्रांतला गोंधळ दरवर्षी तोच असतो, म्हणून वारंवार येणाऱ्या पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : काळ्या बाह्यरेषेच्या आत रंग भरताना रेषाच फिसकटते. काय चुकते?

उत्तर : बाह्यरेषेसाठी जलरोधक शाई वापरा आणि ती पूर्ण वाळू द्या.

प्रश्न : पाण्यात विरघळणारी शाई ठशावर लावून, हलका फवारा मारून ठसा उमटवतो, तरी रंग एकमेकांत उतरत नाहीत, ओला ब्रश फिरवला तर कागदाचा भुसा निघतो. महागडी शाई घ्यावी का?

उत्तर : शाईला दोष देऊ नका, कागद बदला. जलरंगाच्या कागदाला तयार करतानाच जिलेटिनसारख्या पदार्थाची खळ दिलेली असते. त्यामुळे पाणी लगेच आत न मुरता पृष्ठभागावर काही काळ रेंगाळते, आणि रंग सरकतात ते त्याच अवधीत. साधा कार्डशीट ते पाणी शोषून घेतो आणि शाई जिथे टेकली तिथेच अडकते. ‘३०० जीएसएम’ (म्हणजे एका चौरस मीटर कागदाला ३०० ग्रॅम) हा आकडा फक्त वजन सांगतो, खळीविषयी काहीही सांगत नाही. तरीही नुसत्या जाड कागदाच्या वेष्टनावर ‘जलरंगासाठी’ असे छापून तो खपवला जातो, याचा मला मनस्वी राग आहे. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पाहा : तो फुगीर राहून चमकत असेल तर कागद कामाचा, आणि क्षणात मुरून काळपट डाग पडला तर परत ठेवा. खडबडीत कागदावर बारीक नक्षीचा ठसा तुटक उमटतो, म्हणून गुळगुळीत प्रकार मागा. पूर्ण गठ्ठा घेण्याआधी मात्र सुटा ताव आणून करून पाहा आणि तो नमुना एखाद्या जाणकाराला दाखवा.

प्रश्न : हॉलीची (नाताळच्या सजावटीतल्या काटेरी पानांच्या झुडपाची) हिरवी पाने आणि लाल फळे एकमेकांना लागली की तपकिरी चिखल होतो.

उत्तर : लाल आणि हिरवा हे परस्परपूरक रंग मिसळले की असेच होणार, आधी पाने वाळू द्या.

प्रश्न : हेअरस्प्रे मारल्यास कार्डाचा रंग उडत नाही, असे मैत्रीण सांगते.

उत्तर : मैत्रिणीने ते कुणाकडून ऐकले, हेही विचारा. रंग उडतो तो उजेडाने, आणि हेअरस्प्रे उजेड अडवत नाही. उलट त्याच्या थेंबांनी विरघळणाऱ्या शाईवर डाग पडू शकतात. कार्ड वर्षानुवर्षे टिकवायचे असेल तर प्रकाशात टिकणारी पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई) कोणती, हे निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहून किंवा त्यालाच विचारून घ्या.

प्रश्न : नाताळला पाच दिवस उरले आहेत. चाळीस कार्डे होतील का?

उत्तर : हा प्रश्न नोव्हेंबरात यायला हवा होता. पत्रे लिहायला सवड नव्हती म्हणून लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये पहिले व्यापारी नाताळ-कार्ड काढले, पण चित्र त्यांनी जॉन हॉर्सले यांच्याकडून करून घेतले आणि सुमारे हजार प्रती छापून घेऊन मग त्या हाताने रंगवल्या गेल्या. तुम्ही एकट्याने दहा कार्डे करा. ती पूर्ण वाळल्यावर रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा, कारण वाकलेले कार्ड पाकिटात नीट जात नाही. आणि टपाल कधीपर्यंत पोहोचेल हे आजच टपाल कार्यालयात विचारा.