वाचकांचे प्रश्न : शाईतला माणूस अर्धवट का?

प्रश्न : सर, मी सावद्याची, एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) करतेय. मोबाईलवर पिरानेसी नावाच्या इटालियन चित्रकाराचं एका माणसाचं शाईचं चित्र पाहिलं. चेहराच नाही, हात म्हणजे दोन रेघा, शाई पण तपकिरी. असं अर्धवट काम म्युझियममध्ये का जपतात?

उत्तर : ताई, अर्धवट नाही गं ते, त्याला पाहिजे होतं तेवढं त्याने काढलंय. पिरानेसी (१७२०-१७७८) व्हेनिसकडचा, १७४० ला रोमला आला, जुझेप्पे वासीकडे एचिंग शिकला आणि मग आयुष्यभर रोमच्या इमारती, पडके अवशेष यांचे प्रिंट काढत राहिला, ‘वेदुते दि रोमा’ म्हणजे ‘रोमची दृश्यं’, या एकाच मालिकेच्या १३५ प्लेट आहेत. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने चित्र, मग ॲसिडने त्या रेघा पत्र्यात कोरायच्या आणि शाई भरून कागदावर छापायचं, असं ते एचिंगचं काम.

आता ते प्रिंट झूम करून बघ. भल्यामोठ्या कमानीखाली इवलीशी माणसं, कोणी हात वर करून काहीतरी दाखवतंय, कोणी काठीला टेकलंय. एवढ्याशा माणसाचं नाक कोणाला दिसणार, पण तो कुठे झुकलाय, वजन कोणत्या पायावर आहे हे लगेच कळतं, आणि तो खाली उभा आहे म्हणूनच कमान केवढी उंच ते डोळ्यात भरतं. त्यासाठी पिरानेसी पेनाने झरझर माणसं काढायचा, पुष्कळदा स्वतःच्याच प्रिंटच्या पाठकोऱ्या बाजूवर. त्याच्या रेघेत व्हेनिसच्या तिएपोलो या चित्रकाराचा मोकळेपणा दिसतो असं जाणकार म्हणतात, मला तर ती रेघ त्याच्या मोठ्या प्रिंटांपेक्षा जास्त जिवंत वाटते.

शाईचं म्हणशील तर तेव्हा युरोपात मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची शाई सर्रास चालायची, मायफळ म्हणजे आपल्या बाळगुटीतलं तेच. ती लिहिताना काळी असते, वर्षं गेली की तपकिरी पडते, कधी कधी तर कागदही खाते. लाकडाच्या काजळीची मुळातच तपकिरी शाईही असायची, पण आज तपकिरी दिसणारी बरीच जुनी चित्रं आधी काळी होती.

आपल्याकडे पोरं मेमरी ड्रॉइंगला चेहऱ्यापासून सुरू करतात आणि तिथेच वेळ घालवतात, मला हे फार खटकतं. तुझ्या गावात केळी ट्रकमध्ये भरतात ना, तिथे वही घेऊन जा, खांद्यावर घड घेतलेला माणूस ट्रकपर्यंत पोचायच्या आत काढायचा, बॉलपेनने, खोडरबर घरी ठेवून. आधी पाठीचा बाक, मग पाय, चेहरा राहिला तर राहू दे.