अंडरग्राउंड रेलरोड : भुयारी की भूमिगत?

अमेरिकेतल्या गुलामगिरीतून स्वतः निसटून इतरांनाही सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनवरच्या एका लेखाचा अनुवाद करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : 'अंडरग्राउंड रेलरोड'ला मराठीत 'भुयारी रेल्वे' म्हणावं की 'भूमिगत रेल्वे'? आणि त्यातल्या 'कंडक्टर'ला काय म्हणावं?

ताई, 'भूमिगत'च घ्या. भुयारी म्हटलं की आपल्याला खणलेलं काहीतरी दिसतं : भुयारी मार्ग, भुयारी गटार, मुंबईची भुयारी मेट्रो. या रेल्वेला रूळही नव्हते आणि बोगदेही नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून निसटलेल्या गुलामांना उत्तरेकडे आणि तिथून कॅनडात पोचवणाऱ्या माणसांचं हे गुप्त जाळं. कॅनडा ब्रिटिशांकडे होता आणि ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहतींत गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ साली अमलात आला होता. टेक्सासमधले काहीजण उलट दिशेला, मेक्सिकोत जात.

जमिनीखालून धावणारी जगातली पहिली रेल्वे लंडनमध्ये सुरू झाली १८६३ साली. गुलामांच्या सुटकेच्या संदर्भात हे नाव त्याच्या कितीतरी आधी लोकांच्या तोंडी होतं. म्हणजे नाव पडलं तेव्हा खरीखुरी भुयारी रेल्वे कोणी पाहिलेलीच नव्हती. आगगाडी मात्र नवी होती, तिचा वेग आणि तिची भाषा सगळ्यांच्या डोक्यात होती.

'भूमिगत'ला मराठीत जो अर्थ आला आहे तो नेमका इथे हवा तोच आहे. १९४२ च्या आंदोलनात अच्युतराव पटवर्धन भूमिगत झाले, साताऱ्याकडे नाना पाटील भूमिगत राहून काम करत होते, हे वाचताना कोणाच्याही डोळ्यांपुढे खड्डा येत नाही. येतात ती रात्री दार उघडणारी, भाकरी वाढून पहाटेच्या आत पुढच्या गावाला पोचवणारी घरं. अमेरिकेतही काम असंच चालायचं. बहुतेक मदतनिसांना फक्त आपल्या अलीकडचं आणि पलीकडचं घर माहीत असे.

फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून १८३८ साली निसटलेले. १८४५ च्या आत्मचरित्रात ते पश्चिमेकडच्या आपल्या मित्रांवर रागावले आहेत : तुम्ही या कामाबद्दल इतकं उघड बोलता की ही रेल्वे आता जमिनीखालची राहिलीच नाही, वरची झाली! गाजावाजा झाला की मालक सावध होतात आणि मागे राहिलेल्यांची वाट बंद होते, हे त्यांचं म्हणणं. 'भुयारी' शब्द घेतलात तर डग्लस यांचा हा टोला मराठीत वायाच जाईल.

एवढी काळजी घ्या की पहिल्या उल्लेखाला 'भूमिगत रेल्वे, म्हणजे गुलामांच्या सुटकेसाठी झटणारं गुप्त जाळं' असं पूर्ण लिहा. मेट्रोच्या बातम्यांत हाच शब्द आता सर्रास येतो.

आता कंडक्टर, म्हणजे या जाळ्यात निसटलेल्यांना सोबत करून पुढे नेणारा माणूस. मराठी वाचकाला तो एसटीत भेटतो, तिकीट फाडणारा. अमेरिकेतल्या आगगाडीचा कंडक्टर हा सगळ्या गाडीचा प्रमुख. 'गार्ड' जवळचा वाटेल, पण त्यात पहारेकरी डोकावतो आणि इथे पहारेकरी म्हणजे शत्रू. मी 'वाटाड्या' घेईन. टबमन १८४९ साली मेरीलँडमधून निसटल्या आणि पुढे सुमारे तेरा वेळा तिथेच परत जाऊन सुमारे सत्तर माणसांना बाहेर घेऊन आल्या. या कामाला वाटाड्या शब्द शोभतो. फक्त त्यांचंच एक वाक्य आहे, १८९६ मधलं : माझी गाडी कधी रुळावरून घसरली नाही आणि मी एकही प्रवासी गमावला नाही. ते कळावं म्हणून 'कंडक्टर' एकदा समजावून सांगाच. आसरा देणारं घर ते स्टेशन, घरमालक स्टेशनमास्तर, पैसे पुरवणारे भागधारक. हे शब्द आहेत तसेच चालतील.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सर्वात जास्त खुपणारा शब्द वेगळाच आहे. अनुवादांमध्ये 'पळपुटे गुलाम' सापडतं. पळपुटा म्हणजे मराठीत भेकड, रणातून पाठ दाखवणारा. कुत्री मागावर असताना, पोहता येत नसताना नदी ओलांडणाऱ्या बाईला हा शब्द लावायचा? 'निसटलेले', 'मुक्तीसाठी निघालेले' असं लिहा. शक्य तिथे नावं लिहा. फिलाडेल्फियात याच जाळ्यात काम करणारे विल्यम स्टिल येणाऱ्या माणसांची नावं, गाव, मागे राहिलेली नाती टिपून ठेवत; १८५० साली अशीच एका अनोळखी माणसाची हकिकत ऐकता ऐकता त्यांना कळलं की समोर बसलेला पीटर हा त्यांचाच सख्खा भाऊ आहे. त्या नोंदी त्यांनी १८७२ साली छापल्या. त्यानंतरच्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेत या प्रथेविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केली. मराठीत या विषयाचं नातं इतकं जुनं आहे, तेव्हा शब्द निवडताना हयगय नको.

'फरारी' मात्र एका ठिकाणी ठेवा : निसटलेल्यांना पकडून मालकाकडे परत पाठवणाऱ्या १८५० च्या कायद्याच्या नावात. 'फरारी गुलाम कायदा' असंच लिहा, कारण त्या कायद्याच्या नजरेत ही माणसं फरारीच होती. आसरा देणाऱ्याला एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस सोडला तर पाच डॉलर मिळत, मालकाच्या हवाली केला तर दहा. हे आकडे तुमच्या मूळ लेखात नसतील तर तळटीपेत जरूर घाला.